पद्माकराची बाजू

दिवाळी अंकात मरणाच्या गोष्टी काढू नयेत, असा एक अलिखित संकेत आहे. दारात पणत्या लागलेल्या असतात, डबे चकल्या-कडबोळ्यांनी भरलेले असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात. अशा वेळी कोणी अंक उघडावा आणि त्यात कोणी तरी प्राण सोडीत असावे, हे बरे दिसत नाही. तो संकेत मी आज मोडणार आहे. कारण ज्या मरणाविषयी मला लिहायचे आहे ते मरण आपण शंभरांहून अधिक वर्षे हौसेने, तिकीट काढून, रुमाल बरोबर नेऊन पाहत आलो आहोत. ते सिंधूचे मरण; गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तले. आणि ज्याची वकिली मला करायची आहे तो तिचा भाऊ पद्माकर. भाऊबीज तोंडावर आली असताना एका भावाची बाजू मांडणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना तो लवकर येऊन जाईल. माझे म्हणणे असे, की या नाटकाच्या शेवटी आपण ज्या जागी रडतो ती जागा चुकली आहे. नाटककाराने बाटली दाखवली आणि आपण पाहिली ती पतिव्रता. त्या पतिव्रतेच्या कौतुकापायी आपण घरोघरच्या किती तरी मुलींना, त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या असताना, गोड बोलून परत पाठवले. पाठवणारे आपण सगळे सभ्य, सुशिक्षित, डोळ्यांत पाणी आणणारे. त्यांतला एक मीही आहे. ते पुढे सांगेनच.

आधी नाटक. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले, आणि त्यानंतर चारच आठवड्यांनी, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बडोद्यास केला. लेखकाचे वय अवघे तेहतीस. प्रयोग पाहण्याचे सुख त्याच्या नशिबी नव्हते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी करून दिलेली. सिंधू झाले बालगंधर्व आणि सुधाकर झाले गणपतराव बोडस. तो काळ मुक्या चित्रपटांचा. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला आणि आपल्याकडे पडद्यावरची माणसे बोलू लागली ती १९३१ साली. मधली अठरा वर्षे पडदा मुका होता. माणसांनी माणसांशी काय बोलावे, कसे वागावे, हे शिकवण्याचे काम रंगभूमीकडे होते. म्हणून त्या काळातल्या नाटकाचा शेवट हा नुसता नाटकाचा शेवट राहत नसे. तो घराघरांत जाऊन दाखला होऊन बसे.

कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी तरुण वाचकांसाठी चार ओळी. सुधाकर हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ जाते, आणि तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. घर धुऊन जाते. सिंधू श्रीमंत माहेरची; पण माहेरचे काही घ्यायचे नाही, असे नवऱ्याने बंधन घातलेले. ते बंधन ती पाळते, दळणे दळून घर चालवते. सुधाकर मध्ये एकदा दारू सोडून पाहतो, पण त्याला कोणी उभे करून घेत नाही, आणि तो पुन्हा बुडतो. शेवटी दारूच्या धुंदीत त्याच्या हातून तान्हे मूल मरते, सिंधूच्या डोक्याला घाव बसतो. फौजदार येतो, तेव्हा सिंधू मरता मरता सांगते, की नवऱ्याचा दोष नाही, मीच पडले. ती जाते, आणि सुधाकरही विष घातलेला शेवटचा प्याला पिऊन जातो.

आता या घरात मोडलेला संसार सांधायला कोण कोण आले, ते पाहा. एक रामलाल. मित्र आहे, सज्जन आहे, विद्वान आहे. दारूचे दुष्परिणाम तो इतक्या उत्तम भाषेत सांगतो, की ती पाने शाळेच्या पुस्तकात घालावीत. पण रामलालची सारी दृष्टी सुधाकरावर. सुधाकर सुधारला, की सिंधूचे आपोआप बरे होईल, असा त्याचा हिशेब. दुसरा स्वतः सुधाकर. त्याने एकदा मनापासून प्रयत्न केला, हे मी नाकारीत नाही. पण त्या प्रयत्नाच्या दिवसांतही भाव चढला-उतरला तो त्याच्याच अब्रूचा. तिसरा पद्माकर. याच्या बोलण्यात गोडवा नाही. मेहुण्याविषयी त्याच्या मनात माया उरलेली नाही. पण तिघांत हा एकटाच असा आहे, की ज्याचे पहिले लक्ष आपल्या बहिणीच्या अंगावरच्या लुगड्याकडे आणि तिच्या कडेवरच्या पोराकडे जाते. त्याचे म्हणणे एका वाक्याचे: तू इथून चल.

शंभर वर्षांत या वाक्याला टाळी पडल्याचे मी ऐकलेले नाही. टाळी पडते ती सिंधूच्या नकाराला. रामलालच्या व्याख्यानाला माना डोलतात. आणि पद्माकर? तो श्रीमंतीचा तोरा मिरवणारा, नवरा-बायकोच्या पवित्र नात्यात पाय घालणारा, असा काहीसा आपल्या मनात राहतो. हे कसे झाले? घर जळत असताना बादली घेऊन आलेल्या माणसाला आपण उद्धट म्हटले आणि आगीत बसून राहिलेल्या बाईची पूजा केली.

याचे एक कारण त्या नटात आहे. बालगंधर्वांच्या वेषभूषेची, त्यांच्या लुगडे नेसण्याची, अंबाड्याची नक्कल खऱ्या घरंदाज बायका करीत, हे तर प्रसिद्धच आहे. भरजरी शालू नेसणारे नारायणराव सिंधू होऊन फाटके, ठिगळ लावलेले लुगडे नेसून जात्यावर बसत, तेव्हा प्रेक्षागृहाला हुंदका आवरत नसे. मी त्या कलावंताच्या मोठेपणाला हात लावीत नाही. पण एवढे ध्यानात घ्या, की ही सिंधू एका पुरुषाने लिहिली, दुसऱ्या पुरुषाने तिची गाणी रचली आणि तिसऱ्या पुरुषाने ती उभी केली. लुगडे कसे नेसावे हे बायका ज्याच्याकडून शिकल्या, त्याच्याचकडून मार कसा खावा हेही शिकल्या नसतील कशावरून? आणि शिकल्या नसल्या, तरी त्यांना ते शिकवायला त्यांच्या बापा-भावांना एक सोयीचे उदाहरण मिळाले.

त्याच नाटकात दुसरी एक बायको आहे, तिची आठवण कोणी काढीत नाही. तळीरामाची गीता. तोंडाने फटकळ. नवऱ्याला पाठ देणारी नव्हे, जाब विचारणारी. तिच्या बोलण्यावर आपण हसतो. कारण ती हसवायला घातलेली आहे असे आपण धरून चालतो. पण दोन दारुड्यांच्या दोन बायकांपैकी जिवंत कोण राहिली? जी बोलली ती. जिने ओठ शिवले ती गेली, आणि पोरही गेले. गडकऱ्यांनी हा हिशेब आपल्यासमोर स्वच्छ मांडून ठेवला होता. तो आपण वाचला नाही, यात त्यांचा काय दोष?

आता माझी गोष्ट. ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

मी मॅट्रिकच्या पुढे कॉलेजचे दार पाहिलेले नाही. शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. वीसएक वर्षांपूर्वीची हकीकत. मला शाळेत लागून दोनच वर्षे झाली होती. माझी एक मावसबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. लग्नाला दीड वर्ष झालेले. दिवाळीचा पाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, भाऊबीजेला, ती एक पिशवी घेऊन माहेरी आली. भाऊबीजेला बहीण येते, त्यात नवल नव्हते. पण पिशवी मोठी होती. संध्याकाळी ओवाळणे झाल्यावर तिने मावशीला सांगितले, की मी आता परत जाणार नाही. नवरा पीत होता. नुसता पीत नव्हता.

नारायण पेठेतले दोन खोल्यांचे घर. रात्री बैठक बसली. तिचे वडील, तिचा सख्खा भाऊ, आमचे एक मामा आणि मी. मला मुद्दाम बोलावले होते. कारण मी मास्तर, लिहिणारा, 'त्याला बोलता चांगले येते' अशी माझी ख्याती. आणि वाचकहो, मी बोललो. इतका चांगला बोललो, की मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. संसार म्हणजे काय, नव्याचे नऊ दिवस कसे असतात, माणूस प्रेमाने कसा बदलतो, हे सगळे बोललो. आणि शेवटी, आज लिहितानाही हात जड होतो, मी तिला सिंधूचा दाखला दिला. म्हटले, बघ, त्या बाईने काय काय सोसले, पण नवऱ्याचे नाव खाली पडू दिले नाही.

ती खाली मान घालून ऐकत होती. माझे बोलणे संपल्यावर म्हणाली, "दादा, उद्या सकाळी सोडायला कोण येणार?"

एवढेच. मला वाटले, समजूत पटली. दुसऱ्या दिवशी मी आणि तिचा भाऊ रिक्षाने तिला सासरी पोचवून आलो. जाताना चिवडा आणि लाडवांचा डबा दिला. सासूबाईंनी चहा केला. जावईबापू अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून बसले होते; त्यांनी आमच्या पाया पडण्याचेसुद्धा बाकी ठेवले नाही. येताना आम्ही दोघे भाऊ एकमेकांना म्हणत होतो, बरे झाले, वेळेवर सावरले.

त्यानंतर ती नऊ वर्षे तिथे होती. या नऊ वर्षांत दर भाऊबीजेला ती आली, पण पिशवी लहान असे. तिने काही सांगितले नाही आणि आम्ही काही विचारले नाही. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येते, हे मला एका लग्नात कळले. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाली, "पडले." त्या वेळी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायला हवा होता. ज्या बाईचा दाखला मी हिला दिला होता, तिने फौजदाराला दिलेली जबानी हीच तर होती. पण मी तेव्हा पंगतीला बसलो होतो, आणि जिलबी गरम होती.

शेवटी ती सुटली, पण आमच्यामुळे नव्हे. शिवणकामाच्या ठिकाणी तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईने तिला आपल्या खोलीत जागा दिली. रक्ताचे नाते नाही, जात वेगळी, ओळख दोन वर्षांची. त्या बाईने व्याख्यान दिले नाही. म्हणाली, "ये, खाली अंथरूण टाकू." आज माझी बहीण स्वतःचे दोन पैसे मिळवते, भाड्याच्या खोलीत राहते आणि उजव्या कानाने रेडिओ ऐकते.

काही वर्षांपूर्वी भरत नाट्य मंदिरात एका हौशी मंडळीने 'एकच प्याला' लावला होता. मी आणि ती गेलो. शेवटच्या अंकात सगळीकडून नाके ओढण्याचे आवाज यायला लागले. मी हळूच तिच्याकडे पाहिले. तिचे डोळे कोरडे होते. बाहेर पडल्यावर मी विचारले, "तुला रडू नाही आले?" ती म्हणाली, "दादा, एवढे लोक रडले. पण त्या पोराच्या बाजूने कोणी बोललं का? ते तर काही न करताच गेलं. आईने 'मी पडले' म्हटलं, की त्याचंही मिटलं."

हा प्रश्न मी आज जन्मभर नाटके पाहिलेल्या सर्व रसिकांपुढे ठेवतो. सिंधूच्या त्या एका खोट्या जबानीने नवऱ्याची अब्रू राहिली. पण एका खुनाला वाचा फुटायची ती बंद झाली. याला जर पातिव्रत्य म्हणायचे असेल, तर त्या पातिव्रत्याची किंमत दुसऱ्याच कोणी तरी चुकवली आहे, आणि त्याचे वय सांगण्यासारखेही नव्हते.

माझ्या मित्रांना हे पटत नाही. त्यांचा पहिला आक्षेप असा, की शोकांतिका म्हणजे काही संसाराचे मार्गदर्शक पुस्तक नव्हे. सिंधू तशी वागली नसती तर नाटकच झाले नसते. मान्य. शेवट बदला, असे मी मुळीच म्हणत नाही. शेवट बदलण्याचे उद्योग जगात झालेले आहेत. इब्सेनच्या नोराने १८७९ साली घराचे दार ओढून घेतले, तेव्हा जर्मनीतल्या एका नामवंत नटीने असला शेवट मी करणार नाही म्हणून हट्ट धरला. आणि दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून इब्सेनने मुलांकडे पाहून थबकणारी नोरा लिहून दिली. पण त्याला तो शेवट कधीच आवडला नाही आणि जगानेही तो ठेवला नाही. आपल्याकडे अनंत काणेकरांनी त्याच नाटकावरून १९४१ साली 'घरकुल' लिहिले. तेव्हा लेखकाचा शेवट लेखकाकडे राहू द्या. मी बोलतो आहे ते प्रेक्षकांविषयी. नोराच्या शेवटाने लोक चिडले, भांडले, घरोघर वाद झाले. सिंधूच्या शेवटाने आपण तृप्त होऊन घरी आलो. नाटक शोकांतिका असेल. पण आपण तिचा प्रसाद केला.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तो म्हणजे, त्या काळी ती जाणार कुठे? बाई एकदा बाहेर पडली, की तिला जग थारा देत नव्हते. गडकऱ्यांनी वास्तवच लिहिले. हे ऐकायला खरे वाटते, पण इतिहास थोडा उघडून पाहावा. 'एकच प्याला'च्या पूर्वी पस्तीस वर्षे, १८८४ साली, दादाजी भिकाजी याने आपली बायको रखमाबाई नांदायला येत नाही म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. लग्न झाले तेव्हा ती अकरा वर्षांची. तिच्या पाठीशी कोण होते? तिचे सावत्र वडील, डॉक्टर सखाराम अर्जुन. सख्खेही नव्हेत, सावत्र! १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला. १८८७ साली हुकूम झाला, की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करीन म्हणून सांगितले. १८८८ साली पैसे देऊन प्रकरण मिटले, आणि पुढे हीच मुलगी विलायतेत शिकून डॉक्टर झाली, सुरतेस आणि राजकोटास तिने बायकांचे दवाखाने सांभाळले, आणि १९५५ पर्यंत जगली. सिंधूसारखे मरण तिने लिहून घेतले नाही. कारण तिच्या मागे एक दार उघडे होते.

आणि आमचे पुणे? पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली मुंबईत निघाले आणि पुढच्याच वर्षी पुण्यास आले. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाला आरंभ केला आणि १९०० साली तो हिंगण्याला नेला. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळराव देवधर यांनी पुणे सेवासदन काढले; तिथे मोठ्या वयाच्या बायका लिहायला, शिवायला, रोग्यांची शुश्रूषा करायला शिकत होत्या. म्हणजे ज्या १९१९ साली सिंधू रंगमंचावर जात्याशी बसली, त्या साली एका शहाण्या भावाला आपल्या बहिणीला कुठे न्यावे हे सांगायला पुण्यात निदान दोन पत्ते होते. त्याच नाटकात सुधाकराची बालविधवा बहीण शरद शिकते आणि तिच्या पुनर्विवाहापर्यंत गोष्ट जाते. विधवेला नवी वाट द्यायला तो काळ तयार झाला होता, हे गडकऱ्यांनीच दाखवले आहे. मग नवरा जिवंत असलेल्या बाईलाच तेवढी वाट नसावी? नवरा मेला तर तिची कीव आणि जिवंत असून रोज मारतो आहे तर तिचे कौतुक, हा कुठला न्याय?

अठरा वर्षांनी, १९३७ साली, आमच्या पुण्याच्याच प्रभात कंपनीने नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरून 'कुंकू' काढला. शांतारामबापूंची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी संसार करायला साफ नकार देते. पाऊल मोठेच पुढे पडले. पण सुटका कशाने होते? म्हातारा नवरा जीव देतो, तेव्हा. म्हणजे इथेही कोणी तरी मेल्यावाचून गाठ सुटत नाही! सिंधू असो की नीरा, बाईला त्या घरातून चालत, आपल्या पायांनी, दिवसाढवळ्या बाहेर पडलेली पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवयच लागली नाही.

आता आजकडे येऊ. आज कायदे पुष्कळ आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट साऱ्या देशात दिला. आपल्या मुंबई इलाख्यात तर तो १९४७ सालीच आला होता. १९८३ साली बायकोचा छळ हा फौजदारी गुन्हा झाला. घरातल्या मारहाणीविरुद्धचा २००५ चा कायदा २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. माझी बहीण पिशवी घेऊन आली, तेव्हाही यांतले दोन होतेच. आम्हा चौघांपैकी एकाच्याही तोंडून त्यांचे नाव निघाले नाही. नाव निघाले ते सिंधूचे. कायदा फौजदाराला दारापर्यंत आणू शकतो. पण त्याच्यासमोर 'मी पडले' म्हणायचे की 'यांनी मारले' म्हणायचे, हे ती बाई ज्या क्षणी ठरवते, त्या क्षणी तिच्या मनात एकच विचार असतो: खरे सांगितले, तर आज रात्री मी निजायचे कुठे? त्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात असले, तरी ते हाती यायला तारखा पडतात. आज रात्रीचे उत्तर तिच्या माहेरच्या दाराशी आहे.

आणि त्या दाराविषयीच थोडे कडू बोलतो. २००५ च्या सप्टेंबरपासून वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे. महाराष्ट्राने तर हे पाऊल १९९४ सालीच टाकले होते. २०२० साली सुप्रीम कोर्टाने त्यातली उरलीसुरली शंकाही फेडली. म्हणजे ज्या घराच्या दाराशी ती पिशवी घेऊन उभी राहते, ते घर कित्येकदा तिचेही असते. मग आपण भाऊ काय करतो? हक्कसोडपत्र करून घेतो. बहिणीला साडीचोळी करायची, गोडधोड जेवू घालायचे, आणि तलाठ्याच्या नाही तर निबंधकाच्या कचेरीत नेऊन सही घ्यायची. सही केली की म्हणायचे, आमची ताई किती मोठ्या मनाची! नाही केली, तर हिला माहेर तुटले. पद्माकराला आपण उद्धट म्हणतो. पण तो निदान बहिणीला घरी चल म्हणायला आला होता, तिचे घर लिहून घ्यायला नव्हे. आता लक्षात येईल, सोसणाऱ्या सिंधूचे एवढे कौतुक आपल्याला का परवडते. जी बहीण काही मागत नाही, तिची आरती करायला खर्च येत नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही लोकांचे संसार मोडायला निघालात. नाही. ज्या घरात भांडण आहे तिथे समजूत घालावी, ज्या घरात अबोला आहे तिथे चहाला जाऊन बसावे, माणूस व्यसनी असेल तर त्याच्यावर उपचार करावेत. सुधाकराला त्याच्या चांगल्या दिवसांत कोणी काम दिले असते, तर कदाचित नाटक वेगळे झाले असते, हेही मला मान्य आहे. पण हे सारे बहिणीला आधी सुरक्षित घरात आणून मग करता येते. भांडे फुटलेले असताना त्यात पाणी ओतत राहू नये. आधी पाणी दुसऱ्या भांड्यात काढावे, मग डाग द्यायचा की नाही ते पाहावे. संसार सांधायचा असेल तर दोन माणसे जिवंत लागतात.

म्हणून या भाऊबीजेसाठी माझे एक सांगणे आहे, आणि ते मी स्वतः करूनही पाहिले आहे. ताटात पाकीट घाला, साडी घाला, जे घालायचे ते घाला. पण त्याबरोबर आपल्या घराची एक किल्ली घाला. व्याख्यान देऊ नका, दाखले देऊ नका. फक्त सांगा, की ही तुझ्याजवळ असू दे, केव्हाही ये, का आलीस म्हणून कोणी विचारणार नाही. ज्या बहिणीचा संसार सुखाचा असेल ती हसेल आणि किल्ली कपाटात ठेवून देईल. बिघडले काय? एका किल्लीला पैसे ते किती पडतात! आणि जिला ती लागेल, ती ज्या रात्री पिशवी भरील, त्या रात्री तिला आपले बोलणे नव्हे, ती किल्ली आठवेल.

गेल्या भाऊबीजेला मी माझ्या मावसबहिणीच्या ताटात किल्ली ठेवली. तिला आता तिची गरज नाही. वीस वर्षे उशिरा दिलेली ओवाळणी ती. तिने ती उचलून पाहिली, पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, "दादा, आता तुझ्या लेकीलाही एक करून ठेव."

मी दुसऱ्या दिवशी तुळशीबागेजवळच्या किल्लीवाल्याकडे जाऊन करून आणली. मुलगी अजून शाळेत आहे. पण किल्ली तयार असावी.